क्रशरची डस्ट: तशीच विकावी, धुवावी की हवेने वेगळी करावी?

खडी क्रशरच्या आवारात डस्टचा ढीग वाढतच जातो. 20 आणि 10 मिमी खडी ट्रकमध्ये भरून जाते, 4.75 मिमीच्या चाळणीखाली पडलेला माल मागे उरतो. नदीची वाळू महागली आणि दुर्मीळ झाली, तेव्हापासून या ढिगाला भाव आला. मे 2025 मध्ये राज्याने कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं. त्यात पात्र युनिटना रॉयल्टी प्रति ब्रास 600 ऐवजी 200 रुपये ठेवली. त्यामुळे वाळूचं प्लांट टाकायचा विचार सध्या अनेक खाणमालक करत आहेत. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे, की मशीनचं कोटेशन मागवण्याआधी आपल्या डस्टमधला बारीक भाग नक्की कशाचा आहे ते तपासा. तो दगडाची पूड आहे की माती, यावर पुढचं सगळं ठरतं.

आपला बहुतेक दगड दख्खनचा बेसॉल्ट. लाव्हाच्या थरांमध्ये जागोजागी तांबड्या मातीचा पट्टा असतो, वर मुरूम असतो, काही थर सच्छिद्र आणि मऊ असतात. खाणीत हे सगळं घट्ट काळ्या दगडासोबत उचललं गेलं, की डस्टमध्ये चिकणमाती येते. आयएस 383 (2016) हे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक फोडलेल्या दगडाच्या वाळूत 75 मायक्रॉनखालचा, म्हणजे पिठासारखा बारीक भाग 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. नैसर्गिक वाळूला ही मर्यादा 3 टक्के आहे. एवढी मोकळीक मिळते ती दगडाच्या पुडीला. माती काँक्रीटमध्ये पाणी ओढते आणि सिमेंटची पकड सैल करते. साइटवर बाटलीत वाळू हलवून गाळ मोजतात, पण त्या गाळात पूड कोणती आणि माती कोणती ते दिसत नाही. प्रयोगशाळेतली मिथिलीन ब्लूची चाचणी ते सांगते, कारण तो रंग मातीच शोषते.

डस्ट तशीच विकायची असेल, तर नवी गुंतवणूक जवळजवळ लागत नाही. पेव्हर ब्लॉक, फ्लाय अॅश विटा, रस्त्याच्या पायातला वेट मिक्स (खडी, डस्ट आणि पाण्याचा) थर, भराव असे ग्राहक मिळतात. भाव कमी, पण माल हलतो. आवारापासून जवळ ब्लॉकचे कारखाने असतील आणि उत्पादन थोडं असेल, तर हाच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. मात्र जॉ आणि कोन क्रशरची (दगड दाबून फोडणाऱ्या मशीनची) डस्ट नुसती चाळून क्रश सँड, म्हणजे कृत्रिम वाळू, म्हणून विकू नये. तिचे कण चपटे, टोकदार असतात. काँक्रीटला जास्त पाणी लागतं, पाण्यामागे सिमेंट वाढतं, आणि त्याची किंमत घर बांधणारा माणूस भरतो. वाळू करायची तर दगड व्हीएसआय (व्हर्टिकल शाफ्ट इम्पॅक्टर) या मशीनमधून काढलाच पाहिजे; त्यात दगडावर दगड आपटून कण घनाकार होतात.

त्यानंतर खरी निवड उरते ती धुण्याची आणि हवेने पूड ओढून काढण्याची.

माती असेल तर धुण्याला पर्याय नाही. धुतलेला माल स्वच्छ दिसतो, बिल्डर तो पटकन घेतो. पण हिशेब दूरवर करावा लागतो. समजा डस्टमध्ये 18 टक्के बारीक भाग आहे आणि तो 8 टक्क्यांवर आणायचा आहे, तर दर 100 टनांमागे सुमारे 11 टन गाळ निघतो. थिकनर (गाळ खाली बसवणारी टाकी) आणि फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारं मशीन) लावून बरंचसं पाणी परत वापरता येतं. ते न लावता गाळ नाल्यात सोडणारे खालच्या शेतांचं आणि विहिरींचं नुकसान करतात. मातकट गाळाला चांगला ग्राहकही मिळत नाही. बंद खाणीचा खड्डा मंजुरी घेऊन भरायला तो वापरावा, एवढाच व्यवहार्य उपयोग. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे पाण्याची सोय कागदावर मांडल्याशिवाय वॉशिंगला हात घालू नये.

दगड स्वच्छ असेल, तर हवेची पद्धत मला उजवी वाटते. पाणी लागत नाही, गाळ होत नाही, आणि वेगळी झालेली पूड कोरडी मिळते. डांबरी मिश्रणात फिलर (पोकळ्या भरणारी पूड) म्हणून दगडाची पूड चालते, फक्त तिचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे मातीसारख्या चिकटपणाचं माप, 4 च्या वर नको. म्हणजे इथेही माती आडवी येतेच. दोन अडचणी आहेत. धूळ अडवणारा बॅग फिल्टर नीट नसेल तर कामगार आणि शेजारची वस्ती धूळ खातात. आणि ओली डस्ट हवेने सुटत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात ढीग शेडखाली ठेवावा लागेल, तो खर्च सुरुवातीलाच धरा.

हवेतला कार्बन शोषला जावा आणि जमीन सुधारावी म्हणून शेतात बेसॉल्टची पूड टाकण्याचीही चर्चा आहे. भारतातल्या लहान शेतकऱ्यांसोबत हे काम करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला एप्रिल 2025 मध्ये हवेतला कार्बन काढण्यासाठीचं 5 कोटी डॉलरचं एक्सप्राइझ हे आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं. पण आपली काळी जमीन बेसॉल्टचीच आणि बहुधा चुनखडीयुक्त. तिथे पुडीचा फायदा फार दिसणार नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तो संभवतो. मात्र वाहतुकीचं अंतर वाढलं की फायदा डिझेलमध्येच जातो.

म्हणून नमुने खाणीच्या एकाच तोंडाचे घेऊ नका. वेगवेगळ्या थरांचे, त्यातला एक पावसाळ्यानंतरचा, असे घ्या. सगळे स्वच्छ निघाले तर हवा, सगळे मातकट निघाले तर पाणी. मिश्र निघाले, तर आधी मुरूम आणि तांबडा पट्टा खाणीतच वेगळा काढायला पोकलेनवाल्याला सांगा आणि पुन्हा चाचणी करा. कितीतरी ठिकाणी एवढ्यानेच वॉशिंग प्लांटची गरज संपते.