गुगल बिझनेस प्रोफाइल: फुकटातलं दुसरं दुकान आणि त्याची देखभाल

गुगल सर्च आणि नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारं पान म्हणजे बिझनेस प्रोफाइल, आणि ‘दुपारी १ ते ४ बंद’ हे त्यावर व्यवस्थित लिहिता येतं. वेळेच्या रकान्यात आधी सकाळी ९ ते १ टाकायचं, मग त्याच दिवसाला दुसरी वेळ जोडून ४ ते ९. बहुतेक दुकानदार ‘९ ते ९’ टाकून मोकळे होतात. मग भर दुपारी बंद शटरसमोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक तिथूनच एक स्टार ठोकतं, कारण फोनवर तर ‘उघडे आहे’ दिसत होतं. सणावारांसाठी ‘विशेष वेळा’ हा वेगळा रकाना आहे. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, विसर्जनाचा दिवस, अमावस्येची सुट्टी हे सगळं त्यात आधीच भरून ठेवता येतं आणि नेहमीच्या वेळांना हात लावावा लागत नाही.

या सेवेचं नाव २०२१ पर्यंत ‘गुगल माय बिझनेस’ होतं. तिचं स्वतंत्र अ‍ॅप आता बंद आहे. दुकानाच्या जीमेलनं लॉग-इन करून गुगल सर्च किंवा मॅप्समधूनच सगळं चालतं. पैसे लागत नाहीत. मात्र गुगल देतं तसं काढूनही घेतं. प्रोफाइलमधून बनणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, गिऱ्हाईकाशी प्रोफाइलवरून होणारं चॅट त्याच वर्षी जुलैअखेर गेलं. ज्यांनी तो वेबसाइटचा पत्ता पिशव्यांवर छापला होता, त्यांना पिशव्या बदलाव्या लागल्या. छापायचा तर फोन नंबर छापावा.

पडताळणी, म्हणजे दुकान खरंच तुमचं आहे हे गुगलला पटवणं, हा पहिला अडथळा. हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: किमान ३० सेकंदांचा, न कापलेला. क्रम ठरवून घ्या. आधी रस्त्याची पाटी किंवा शेजारची दुकानं, मग स्वतःची पाटी, मग कुलूप उघडून आत जाणं, आणि शेवटी गल्ला किंवा बिलाचं मशीन. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण दुकान तुमच्या ताब्यात आहे हे तिथेच कळतं. नुसती पाटी दाखवून थांबलेले व्हिडिओ नापास होतात. माणसांचे चेहरे आणि बँकेची कागदपत्रं त्यात येऊ देऊ नका. निकालाला ५ कामकाजाचे दिवस लागू शकतात.

नाव पाटीवर आहे तेवढंच लिहा. त्याला ‘बेस्ट मिठाई कोथरूड’ असं शेपूट जोडायला प्रोफाइल सांभाळून देणारे एजंट सांगतात, आणि काही दिवस त्याचा फायदाही दिसतो. पण ते नियमाविरुद्ध आहे आणि प्रोफाइल निलंबित व्हायला तेवढं पुरतं. शोधात दिसण्यासाठी खरा उपयोग मुख्य प्रकाराचा, म्हणजे दुकान कशाचं आहे ते सांगणाऱ्या ‘कॅटेगरी’चा. तो एकच निवडता येतो, शिवाय ९ जोडप्रकार. खानावळीनं मुख्य प्रकारात ‘केटरर’ निवडलं, तर जेवणासाठी जागा शोधणाऱ्याला ती सापडणं कठीण. ७५० अक्षरांच्या वर्णनावर फार घाम गाळू नका. गुगल स्वतःच सांगतं की क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणं, अंतर आणि दुकानाची ख्याती. पैसे भरून हा क्रम वर सरकत नाही, तेव्हा ‘गुगलमधून बोलतोय, लिस्टिंग बंद होईल, पाच हजार भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

आता रिव्ह्यू. प्रोफाइलमध्ये रिव्ह्यू मागण्यासाठी लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो बिलाच्या काउंटरवर, हात पोचेल तिथे ठेवा. दारावर चिकटवलेला कोड कोणी स्कॅन करत नाही. मागायचं ते सगळ्यांकडे. खुश दिसणाऱ्यालाच निवडून विचारणं, ‘५ स्टार द्या, चहा फुकट’ अशी पाटी लावणं, पोरांकडून किंवा नोकरांकडून लिहून घेणं, हे तिन्ही नियमात बसत नाही. पकडलं गेलं तर नवे रिव्ह्यू काही काळ थांबतात, जुने दिसेनासे होऊ शकतात, आणि बनावट रिव्ह्यू काढून टाकल्याची सूचना प्रोफाइलवर झळकू शकते. चहा बराच महागात पडतो.

वाईट रिव्ह्यू मालकाला पुसता येत नाही, फक्त तक्रार करता येते. शिवीगाळ, भलत्याच दुकानाबद्दलचा मजकूर, स्पर्धकानं लिहिलेलं, अशा गोष्टी निघू शकतात. ‘भाजी खारट होती’ हे निघणार नाही, कितीही चुकीचं असलं तरी. तक्रार फेटाळली तर एकदा अपील आहे.

म्हणून उत्तराकडे लक्ष द्यावं. समजा, ‘थाळीला पाऊण तास लागला, पोळ्या गार’ असा रिव्ह्यू आहे. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे सगळीकडे डकवलेलं वाक्य कोणी वाचतही नाही. त्याऐवजी: ‘रविवारी दुपारी पोळ्यांना एकच तवा होता, त्यामुळे उशीर झाला. आता रविवारी दुसरा तवा लावतो. १२.३० च्या आत आलात तर थांबावं लागणार नाही.’ कारण, बदल, आणि पुढच्या वाचणाऱ्याच्या कामाची माहिती, तीन वाक्यांत. अर्थात, तवा खरंच लावलेला असावा. गिऱ्हाईकाचा फोन नंबर किंवा बिलाचा तपशील उत्तरात टाकू नका. पुणेरी पाटीच्या थाटातलं उत्तर लिहायला मजा येते, पण त्याचा स्क्रीनशॉट दुकानापेक्षा जास्त फिरतो.

फोटो ७२० बाय ७२० पिक्सेलच्या आसपास, ५ एमबीच्या आत. पाटीचा एक दिवसा काढलेला हवाच. प्रोफाइलच्या आकडेवारीत दिसणारे ‘कॉल’ म्हणजे बटण दाबल्याची संख्या, झालेलं बोलणं नव्हे.

सेवेची खरी लंगडी बाजू निलंबनात दिसते. हाकेला ओ देणारा माणूस सहजी मिळत नाही, अपील फॉर्मवरच करायचं असतं, आणि पुरावे जोडण्याचं पान उघडल्यावर ६० मिनिटांतच ते चढवावे लागतात. गुमास्ता, जीएसटी प्रमाणपत्र, वीजबिल हे आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. तिन्हींवरचं नाव आणि पत्ता प्रोफाइलशी जुळतो का, तेही बघा. गुमास्त्यावर जुना गाळा आणि नकाशावर नवा, ही नेहमीची ठेच. दुकान हलवलं तर नवं प्रोफाइल काढू नका, जुन्याचाच पत्ता बदला. रिव्ह्यू त्याच्यासोबत येतात.

एजंटला काम द्यायचं तर ‘मॅनेजर’ म्हणून जोडा, मुख्य मालकी दुकानाच्याच जीमेलवर ठेवा. एजंटनं स्वतःच्या ईमेलवर प्रोफाइल काढलेलं असेल, तर आजच मालकी मागण्याची विनंती पाठवा. उत्तर द्यायला त्याला ३ दिवस असतात.