शिरेतून की त्वचेखालून? सर्दीचे दिवस डोळ्यांपुढे ठेवून

आमच्या मुलाला एक्स-लिंक्ड अ‍ॅगॅमाग्लोब्युलिनेमिया आहे. त्याच्या रक्तात बी पेशी जवळपास नाहीतच, म्हणून जंतूंशी लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडीही तयार होत नाहीत. दात्यांच्या प्लाझ्मातून (रक्तद्रवातून) काढलेल्या अँटिबॉडी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, हे औषध त्याला आयुष्यभर घ्यायचं आहे. ते शिरेतून द्यावं की त्वचेखालून, असं नव्याने निदान झालेल्या मुलांचे आईवडील विचारतात, तेव्हा मनात एकच असतं: कशाने सर्दी-खोकला थांबेल?

साधी सर्दी दोन्हींनी थांबत नाही. या औषधात असतं ते आयजीजी, म्हणजे मुख्यतः रक्तातल्या अँटिबॉडीचा प्रकार. नाका-घशाच्या अस्तरावर पहारा देणारा दुसरा प्रकार, आयजीए, त्यात नसल्यासारखंच. त्यातून सर्दीच्या विषाणूचे, ऱ्हायनोव्हायरसचे, प्रकार दीडशेच्या वर. इतर मुलं आठ-दहा दिवसांत बरी होतात, आपल्या मुलांच्या नाकात तोच विषाणू महिनाभरही टिकू शकतो. औषधाचं खरं काम त्यापुढचं आहे. सर्दीच्या पाठोपाठ न्यूमोकोकससारखे जिवाणू छातीत उतरतात, त्यांना ते अडवतं. वारंवार न्यूमोनिया होऊन श्वासनलिका एकदा कायमच्या रुंदावल्या, की ते नुकसान भरून येत नाही.

शिरेतून घ्यायचं तर दर तीन-चार आठवड्यांनी, किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ८ ते १२ ग्रॅम, म्हणजे रुग्णालयात निदान अर्धा दिवस. नंतर डोकं दुखतं, कधी ताप येतो. पण महिन्यात एकदाच सुई, आणि नर्स शेजारी. अडचण आहे ती शेवटच्या आठवड्याची. आयजीजीचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) सुमारे तीन आठवडे, त्यामुळे पुढचा डोस येईतो पातळी बरीच उतरलेली असते.

त्वचेखालून तेवढंच औषध आठवड्याआठवड्याला विभागून जातं, म्हणून पातळी सपाट राहते. वीस टक्क्यांचं (१०० मिलीत २० ग्रॅम) असेल तर याच मुलाला दर खेपेला १० ते १५ मिली. पोटावर लिंबाएवढा फुगवटा येतो, एक-दोन दिवसांत ओसरतो. डोकेदुखी कमी, आणि साथीच्या दिवसांत खोकणाऱ्यांच्या वॉर्डात बसावं लागत नाही. अमेरिकी डॉक्टर ब्रूटन यांनी १९५२ साली ज्या आठ वर्षांच्या मुलात हा आजार प्रथम नोंदवला, त्यालाही त्वचेखालूनच दिलं होतं. पण आपल्याकडे हे औषध सहजी मिळत नाही, आणि दर आठवड्याला घरातल्या कुणाला तरी सुई टोचावी लागते. ज्या घरात ती जबाबदारी एकट्या आईवर पडणार, तिथे मी आग्रह धरणार नाही. चुकलेला डोस सर्वांत वाईट.

आम्ही वर्षभर कालनिर्णयवर डोसचे दिवस निळ्या पेनने आणि खोकल्याचे लाल पेनने लिहिले. लाल खुणा चौथ्या आठवड्यात दाटलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी डोसआधीची आयजीजी तपासली आणि मार्ग न बदलता, शिरेतूनच देत, अंतर तीन आठवड्यांवर आणलं. म्हणून माझं म्हणणं: मार्ग बदलण्याआधी अंतर तपासून घ्या. तरीही शेवटचे दिवस जड जात असतील, किंवा शीर सापडताना मूल दर वेळी रडून हैराण होत असेल, तर त्वचेखालचा मार्ग नक्की विचारा.

खर्चासाठी, २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात हे उपचार येतात. मुंबईत परळचं केईएम त्याचं केंद्र आहे. आणि मार्ग कुठलाही घ्या, घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस टोचून घ्या, आजी-आजोबांनीसुद्धा.