संपादकाचा नकार की लिहिणाऱ्या दोस्तांचा फीडबॅक?

कथा परत आली की वाईट वाटतंच, पण नकारातून कळतं काय? बऱ्याचदा काहीच नाही. साचेबद्ध दोन ओळींचा मेल येतो, आता कथा फसली म्हणून परत आली, का तशीच एखादी त्यांनी आधीच घेतलीय, का अंकात जागाच नव्हती, काही समजत नाही. पण संपादकाने मुद्दाम एखादी ओळ लिहिली असेल, 'शेवट घाईत उरकलाय' वगैरे, तर ती जपून ठेवा, तेवढा वेळ ते फार कमी जणांना देतात.

दोस्तांचा फीडबॅक मला जास्त कामाचा वाटतो, खासकरून सुरुवातीच्या ड्राफ्टना. ते मन राखून बोलतात हे खरंय, नकार तसं राखत नाही, पण कुठे कंटाळा आला, कुठलं पात्र खोटं वाटलं हे ते पानावर बोट ठेवून सांगतात. १९३६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आयोवा रायटर्स वर्कशॉप या लेखनाच्या अभ्यासक्रमामुळे रुळलेल्या पद्धतीत तर चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं असतं, आणि ते बरंच आहे, कारण कथा छापून आल्यावर आपण वाचकाशेजारी बसून खुलासे देणार नसतो ना! दोस्तांनी सुचवलेले उपाय घ्यायलाच हवेत असं नाही, पण तिघं जण एकाच परिच्छेदावर अडखळले तर तो परत लिहाच.