यूव्ही फिल्टर, चंद्र आणि आपला काळा दगड: काही महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या आसपास यूव्ही (अतिनील प्रकाशाचा) फिल्टर घेतला, शुक्राचे ढग टिपायला वापरतात ना तो, ३२० ते ३८० नॅनोमीटर सोडणारा. सेन्सरवरची यूव्ही अडवणारी काच काढलेला कॅमेरा आधीपासून होता आणि दुर्बीण आरशाची आहे म्हणून जमलं, ॲल्युमिनियमचा आरसा यूव्ही व्यवस्थित परतवतो, नेहमीच्या कोटिंगवाल्या लेन्स बराचसा अडवतात.

मला बघायचं एवढंच होतं की चंद्रावरचा बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा दगड) आणि मुंबईचा बेसॉल्ट यूव्हीत सारखेच वागतात का. अंधेरीत पायलिंगमधून निघालेला एक दगड फोडून गच्चीत भर उन्हात ठेवला, शेजारी पांढऱ्याच्या मापाला प्लंबरची टेफ्लॉन टेप, कारण साधा ए-४ कागद यूव्हीत चक्क काळपट येतो, त्यातलं ब्राइटनर यूव्ही खाऊन टाकतं. साध्या फोटोत दगडाची बाहेरची तपकिरी साल आतल्या ताज्या काळ्यापेक्षा उजळ दिसते, यूव्हीत मात्र ती साल पण तेवढीच काळीकुट्ट! पाणी आणि ऑक्सिजनने लोखंड गंजतं आणि तो गंज यूव्ही जबरदस्त शोषतो.

चंद्रावर ना हवा ना पाऊस, तिथला दगड सौरवारा (सूर्यातून सुटणाऱ्या भारित कणांचा झोत) आणि बारीक उल्कांच्या माऱ्याने जुना होतो, कणांवर अतिसूक्ष्म लोखंडाचा थर बसतो, त्यामुळे दिसणाऱ्या प्रकाशात तो लालसर होतो पण यूव्हीत तेवढा काळा पडत नाही. चंद्राचा एक फोटो यूव्हीत, एक लाल फिल्टरने, आणि कॉम्प्युटरवर पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. मग शांतिसागर हे चंद्रावरचं बेसॉल्टचं मैदान शेजारच्या सेरेनिटाटिस मैदानापेक्षा स्पष्ट उजळ येतो आणि दोघांची सीमा अगदी रेघ मारल्यासारखी, मी कितीतरी वेळ बघतच बसलो. कारण शांतिसागरात टायटॅनियम जास्त, म्हणजे इल्मेनाइट हे लोखंड-टायटॅनियमचं खनिज. अपोलो ११ ने तिथून आणलेल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम ऑक्साइड १० टक्क्यांच्या आसपास आहे, आपल्या दख्खनच्यात साधारण २ ते ३. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने ३२१ आणि ४१५ नॅनोमीटरच्या फोटोंच्या भागाकारावरूनच चंद्रभर टायटॅनियमचा नकाशा केलाय. ॲरिस्टार्कस विवराजवळचा काळा डाग पण येतो, जो अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुडने १९१० मध्ये यूव्ही फोटोत पकडला होता.

मुंबईत चंद्र खाली असेल तर फोटो काढूच नका, धुरकट हवेत यूव्ही पार विखुरतो. हिवाळ्यातली पौर्णिमा बेस्ट, चंद्र जवळपास डोक्यावर येतो. आणि पावसाळ्यात फिल्टर सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यातच ठेवा, इथल्या दमटपणात काचेवर बुरशी धरते.