४८ की ६६: ठासणीच्या रायफलीचा पीळ निवडताना

ठासणीची, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची रायफल घ्यायची आणि ती पन्नास कॅलिबरची (अर्ध्या इंच व्यासाच्या नळीची) घ्यायची, इथपर्यंत निर्णय झाला की खरा प्रश्न उरतो तो नळीतील पिळाचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांच्या वळणाचा. गोळीने पूर्ण फेरा ४८ इंचांत घ्यावा की ६६ इंचांत? मी दोन्ही प्रकारच्या नळ्या पुरेशा वापरल्या आहेत आणि आता माझ्याकडे जी उरली आहे ती ६६ इंची पिळाची आहे. तरीही ४८ ची बाजू आधी मांडतो, कारण ती मुळीच लेचीपेची नाही.

४८ इंची पिळाला नुसती तडजोड म्हणून मोडीत काढणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या हॉकेन या बंदूककार बंधूंच्या अनेक जुन्या रायफलींना हाच पीळ होता आणि त्यांतून कापडात गुंडाळलेली गोल गोळीच झाडली जाई. ब्रिटिशांनी १८५३ च्या लांब एन्फिल्ड या लष्करी रायफलीला तीन खाचा आणि ७८ इंचांचा पीळ दिला होता, पण १८५८ मध्ये नौदलासाठी आखूड एन्फिल्ड केली तेव्हा पाच खाचा आणि ४८ इंचांचा पीळ घेतला, आणि लांबीने कमी असूनही नेमाला तीच अधिक खात्रीची, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. शिवाय या पिळात निमुळती गोळीही चालते. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांच्या १८७९ च्या सूत्राने हिशेब केला, तर पन्नास कॅलिबरमध्ये जाडीच्या दीडपट लांबीची गोळी स्थिर ठेवायला साधारण ५० इंचांचा पीळ लागतो. म्हणजे ४८ मध्ये आखूड, जड निमुळती गोळी ठीक बसते. दुप्पट लांबीच्या गोळीला मात्र ३८ च्या आतला पीळ हवा, तिथे ४८ ही अपुरे पडते. ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थने आपल्या षट्कोनी नळीला २० इंचांचा पीळ दिला तो अशाच लांब, सडपातळ गोळीसाठी.

गोल गोळीचे गणित वेगळे आहे. तिला पुढे-मागे टोकच नसल्याने ती हवेत उलटण्याचा प्रश्न येत नाही. पीळ हवा तो एवढ्याचसाठी, की शिशातली बारीकशी पोकळी किंवा साच्यात राहिलेली कापाची खूण गोळीला एकाच बाजूला ओढत राहू नये. त्यासाठी थोडे फिरणे पुरते. सेकंदाला १८०० फूट वेगाने निघालेली गोळी ६६ च्या पिळातही मिनिटाला साडेएकोणीस हजारांहून अधिक फेरे घेते. ४८ मध्ये तोच आकडा सत्तावीस हजार होतो, पण त्या जादा फेऱ्यांचा लक्ष्यावर फायदा झालेला मला तरी कधी दिसला नाही.

माझा निर्णय मात्र या गणिताने झाला नाही. तो काजळीने झाला. काळी दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो, आणि नळीत खाचा उथळ असतील तर त्याला बसायला जागाच नसते. माझ्या ४८ च्या नळीत पहिली गोळी लोण्यासारखी उतरे, दुसरीला गज (गोळी ठासायची काठी) दाबावा लागे आणि तिसरी अर्ध्यावर अडकून बसे. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहणे किती धोक्याचे, हे ठासणीवाल्याला सांगायला नको. म्हणून ती गोळी जोर लावून खाली न्यावीच लागे, आणि त्या जोराने तिचा गोलपणा बिघडे. उपाय एकच: प्रत्येक बारानंतर ओली चिंधी फिरवायची, मग कोरडी, आणि मगच पुढची भरणी. त्यातही चिंधी थोडी जास्त ओली राहिली की पुढच्या बाराची दारू दमट होई आणि गोळी खाली लागे. म्हणजे नेम बिघडू नये म्हणून जे करायचे, त्यानेच नेम बिघडायचा.

न्यायाने बोलायचे तर हा दोष पिळाचा नाही, खाचांच्या खोलीचा आहे. पण बाजारात हे दोन्ही बहुधा जोडीनेच येतात: ४८ च्या नळीत निमुळत्या गोळीचीही सोय म्हणून खाचा चार-पाच हजारांश इंच, तर ६६ च्या नळीत दहा-बारा हजारांश. खोल खाचांत कापड नीट दाबले जाते, गोळीला पकड मिळते आणि काजळी बाजूला राहते. माझ्या ६६ च्या नळीत कापडाला नीट वंगण लावले असेल, तर बऱ्याच गोळ्या चिंधी न फिरवता झाडता येतात आणि शेवटची गोळीही पहिलीच्या जवळ बसते. नळीपुढे काही पावलांवर पडलेली, गोळीला गुंडाळलेल्या कापडाची चकती उचलून पाहिली की फरक लगेच कळतो. ६६ मधून आलेल्या चकतीवर खाचांच्या खुणा स्वच्छ उमटलेल्या असतात, कडा थोड्या विसकटलेल्या आणि मध्य शाबूत. ४८ मधून, विशेषतः दारू वाढवल्यावर, मधोमध जळालेल्या किंवा खाचांच्या धारेवर फाटलेल्या चकत्या मला वारंवार मिळत. गोळी खाचांना धरून न फिरता त्यांवरून सरकून जात असावी, असा माझा अंदाज आहे.

६६ ची एक अडचण सांगितलीच पाहिजे. तिला हलकी भरणी मानवत नाही. जवळच्या लक्ष्यावर ४० ग्रेन (ग्रेन हे दारू मोजायचे लहान माप) दारूत समाधान मानणाऱ्याला ४८ कदाचित अधिक सुखाची वाटेल. माझ्या ४८ ने आपले सर्वोत्तम गट पन्नास-साठ ग्रेनच्या दरम्यानच दिले. ६६ ऐंशीच्या आसपास खुलते, आणि धक्का त्या प्रमाणात वाढतो.

ज्यांना निमुळत्या गोळीनेच शिकार करायची आहे त्यांनी ६६ कडे पाहूही नये. पण गोल गोळीच झाडायची असेल आणि एका बैठकीत बरेच बार काढायचे असतील, तर माझा कौल ६६ ला. नळी विकत घेण्यापूर्वी खाचांची खोली जरूर विचारून घ्यावी, कारण उथळ खाचांची ६६ ची नळी मिळाली तर वर सांगितलेले सुख तिच्यात मिळेलच असे नाही. सुरुवात ०.४९० इंची गोळी, गादीपाटासारखे घट्ट विणीचे सुती कापड आणि ७० ग्रेन दारू यांनी करावी. मग निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या आत पाच-पाच ग्रेनने वाढवत जावे आणि प्रत्येक टप्प्यावर पडलेली चकती उचलून पाहावी.