रेडमाइन: स्क्रीनपेक्षा टेबलं बरी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात आयटी म्हणजे मी एकटी. लूम बंद पडला, डाईंगच्या लॉटची शेड जुळली नाही, सगळं रेडमाइन या कामं आणि तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर टाकतो. दर गिऱ्हाइकाला वेगळा प्रोजेक्ट, त्यामुळे प्रोजेक्टांची नुसती गड्डा जत्रा भरलीय. सॉफ्टवेअर फुकट, मुक्तस्रोत, २००६ पासूनचं. दिसायला जुनाट, पण आतला डेटाबेस फार सरळ आहे.

ऑडिटच्या तोंडावर मालक विचारतात, "मॅडम, वेळेची नोंद कुठल्या कुठल्या प्रोजेक्टला चालू आहे ओ?" स्क्रीनवर हे काढायचं तर एकेका प्रोजेक्टच्या सेटिंग्ज उघडत बसा. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला थेट प्रश्न विचारायच्या भाषेत, प्रोजेक्ट्स टेबलाला एनेबल्ड_मॉड्यूल्स जोडायचं, नेम या कॉलममध्ये टाइम_ट्रॅकिंग शोधायचं, यादी हजर. ट्रॅकर, म्हणजे नोंदींचे प्रकार, हवे असतील तर प्रोजेक्ट्स_ट्रॅकर्स. कुणाला कुठे कुठली भूमिका आहे ते मेंबर्स, मेंबर_रोल्स आणि रोल्स या तिघांत मिळतं. स्टेटसची अट मात्र घालायची: १ म्हणजे चालू, ५ बंद, ९ अर्काइव्ह. नाहीतर कधीच सोडून गेलेली गिऱ्हाइकंही यादीत येऊन बसतात.

आता खाचखळगे. जीएसएमचं (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) कस्टम फील्ड, म्हणजे आपण वाढवलेला रकाना, कुठल्या प्रोजेक्टला लागू आहे हे कस्टम_फील्ड्स_प्रोजेक्ट्समध्ये बघायला गेलात तर टेबल रिकामं सापडू शकतं. फील्ड सगळ्या प्रोजेक्टांसाठी ठेवलं असेल तर तिथे ओळ लागतच नाही. कस्टम_फील्ड्समधला इज_फॉर_ऑल बघावा लागतो. शिवाय ते फील्ड त्या ट्रॅकरलाही जोडलेलं हवं, म्हणजे कस्टम_फील्ड्स_ट्रॅकर्स आलंच. सेटिंग्ज टेबलाचंही तसंच. जे कधी सेव्हच केलं नाही त्याची ओळ नसते, मूळ किंमत कॉन्फिग फोल्डरातल्या सेटिंग्ज डॉट वायएमएल फाइलमधून येते. ओळ नाही म्हणून सुविधा बंद, असं धरून चालू नका.

माझी खरी तक्रार वर्कफ्लोबद्दल, म्हणजे नोंद कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीला जाऊ शकते त्या नियमांबद्दल आहे. वर्कफ्लोज टेबलात प्रोजेक्टचा आयडीच नाही, सगळं ट्रॅकर आणि भूमिका यांवर ठरतं. एका गिऱ्हाइकाला शेड मंजुरीची एक पायरी जादा हवी, तर त्याच्यासाठी वेगळा ट्रॅकर काढा. मग ट्रॅकरांची नावं वाढत जातात आणि सुपरवायझर मला विचारतात, "ताई, ह्यातला आमचा कुठला?"

क्वेरीसाठी फक्त वाचण्याची परवानगी असलेला वेगळा युजर करा. ऑथ_सोर्सेस आणि रिपॉझिटरीज ही दोन टेबलं त्याला दाखवू नका, कारण कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डेटाबेस_सायफर_की (पासवर्ड सांकेतिक करून ठेवायची किल्ली) भरली नसेल तर तिथले पासवर्ड उघडे पडलेले असतात. आणि एसक्यूएलने थेट बदल तर मुळीच नको. प्रोजेक्ट आणि उपप्रोजेक्ट यांची उतरंड एलएफटी-आरजीटी या आकड्यांवर उभी असते, त्यांची मोडतोड झाली तर निस्तरताना जीव जातो.

पाचपैकी चार. आमच्यासारख्या, हाताखाली माणूस नसलेल्या ऑफिसला जरूर घ्या म्हणेन. इज_फॉर_ऑलची अट लिहिताना एवढं बघा: डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर इज_फॉर_ऑल = १ चालतं, पोस्टग्रेस असेल तर ट्रू लिहावं लागतं.