नमुना हाताने रंगवलेला, माल प्रिंटरमधून काढलेला

क्विलिंगचं, म्हणजे कागदाच्या पट्ट्या वळवून-चिकटवून करायच्या कलेचं, सामान ऑनलाइन मागवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. विशेषतः जे अ‍ॅबस्ट्रॅक्ट काम करतात आणि हाताने शाई लावलेल्या पट्ट्यांसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात त्यांनी. माझे साडेनऊ हजार रुपये गेले. नमुना मागवून, तपासून मग ऑर्डर दिली होती, तरीही गेले.

आधी पट्टीबद्दल सांगते, कारण सगळी गोम तिच्यातच आहे. फुलं, कानातले यांसाठी आपण एकरंगी पट्ट्या वापरतो. चांगल्या प्रतीच्या पट्टीचा रंग लगद्यातच मिसळलेला असतो, त्यामुळे तिची कडही त्याच रंगाची दिसते. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये मात्र एकाच पट्टीवर निळ्यातून तांबूस, तांबूसातून काळपट असा रंग सरकत जायला हवा असतो. त्यासाठी अख्ख्या तावाला दोन्ही बाजूंनी ब्रशने शाई लावतात, ताव सुकवतात आणि मग ५ किंवा १० मिलिमीटरच्या पट्ट्या कापतात. या पट्ट्या बोर्डवर उभ्या चिकटवायच्या असल्याने समोरून दिसते ती फक्त कड. शाई कागदात मुरलेली नसेल तर सगळ्या चित्रभर पांढऱ्या रेघा दिसतात आणि काम वाया जातं.

हा विक्रेता इन्स्टाग्रामवर होता. कागजीपुऱ्याचा हातकागद, न विटणारी पिगमेंट शाई, अ‍ॅसिडविरहित, असं सगळं लिहिलेलं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नाव हातकागदासाठी पूर्वापार आहे, आणि ते नाव वाचून आपला विश्वास बसतो हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं. मी नमुना मागितला. त्याने फक्त कुरिअरचा खर्च घेऊन लगेच पाठवला. नमुना सुंदर होता. ओला कापूस फिरवला, रंग सुटला नाही. अर्धी पट्टी पुठ्ठ्याखाली झाकून खिडकीत उन्हाला ठेवली, दोन्ही भागांत फरक पडला नाही. कड आतपर्यंत रंगलेली होती. एका डॉक्टरांच्या वेटिंग रूमसाठी मोठी फ्रेम करायची होती, म्हणून मोठी ऑर्डर दिली. "हाताचं काम आहे, ऑर्डर रद्द झाली तर माल आमच्या अंगावर पडतो," असं सांगून त्याने पूर्ण रक्कम आगाऊ घेतली.

पार्सल उघडल्यावर रंग तर ठीक वाटले. पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा एका पट्टीवर निळ्या शाईचा एक ठिपका दिसला, एका बाजूला शेपटी वळलेला. पुढच्या गड्डीतल्या पट्टीवर तोच ठिपका, तशीच वळलेली शेपटी, टोकापासून तितक्याच अंतरावर. तिसऱ्या गड्डीतही तेच. हाताने लावलेली शाई दोनदा सारखी ओघळत नाही. भिंग घेऊन पाहिलं तर निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके सुटे सुटे दिसले. म्हणजे एकच ताव रंगवून, स्कॅन करून, साध्या झेरॉक्सच्या कागदावर इंकजेटने छापलेला. कड पांढरीफेक. फेव्हिकॉलचा थेंब लागताच शाई फुटून जांभळी झाली. कागद इतका पातळ की १० मिलिमीटरची पट्टी उभी केली की कलंडायची.

विचारलं तर पहिलं उत्तर आलं, "लॉटमध्ये थोडा फरक येतोच." मग म्हणाला, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. तो माझ्याकडे होता, पाठवला. मग म्हणाला, तुम्ही धंद्यासाठी माल घेता, ग्राहक न्यायालय तुमचं ऐकणार नाही. त्यानंतर नंबर ब्लॉक. पार्सलवरच्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी नाही असं कुरिअरवाल्याने सांगितलं. पेजवरचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकले तर ते एका परदेशी कलाकाराच्या कामाचे निघाले.

त्याची ती धमकी ऐकून कुणी गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल वगळला आहे हे खरं, पण फक्त स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला कायद्याचं संरक्षण आहे. घरी बसून फ्रेम करून विकणारी बाई कायद्याने ग्राहकच आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ई-जागृती पोर्टलवर ती ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. विक्रेता गायब झाला असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी कळवलं तरच ते गोठवता येण्याची आशा असते. मी बँकेलाही लेखी कळवलं, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. पार्सलचं वेष्टन आणि लेबलही जपून ठेवलं आहे. माझी तक्रार अजून चालू आहे.

आता मी निम्म्याहून जास्त आगाऊ देत नाही, आणि माझाच ताव रंगवतानाचा व्हिडिओ मागते, तावाच्या कोपऱ्यावर माझं नाव लिहिलेलं. खरं काम करणाऱ्या एका ताईंनी तो हसत पाठवला, वर शाई कुठली तेही सांगितलं. आलेल्या मालात प्रत्येक गड्डीतली एकेक पट्टी ओढून ओला कापूस, भिंग आणि कड या तीनही गोष्टी पाहते, नमुना कितीही चांगला आलेला असो.

तेच फोटो गेल्या आठवड्यात वेगळ्या नावाच्या पेजवर दिसले. खाली बऱ्याच जणींनी भाव विचारला आहे. तुमच्यापैकी कुणी तिथे पैसे भरले असतील तर आजच १९३० ला कळवा, पार्सल येण्याची वाट पाहू नका.